खुर्चीच्या पायाची पाचर

हे कोणी खरं मानणार नाही. मानूही नका. अकरा वर्षं सर्कशीत काढलेला माणूस मी. सिंहाच्या पिंजऱ्यात बसून जेवलो, होडी उलटली तेव्हा माशाच्या पाठीवर बसून किनाऱ्याला लागलो, डाव्या हाताची दोन बोटं सिंहाला देऊन परत आलो. ते सगळं मागे सांगून झालंय, पुन्हा उगाळत नाही. पण त्या रविवारी दुपारी आमच्या घरात जे झालं त्यापुढे सिंह म्हणजे मांजर. त्या दुपारी मी, या घरचा मान्यताप्राप्त थापाड्या, सलग वीस मिनिटं गप्प बसलो.

बघा, पहिल्याच घासाला खडा लागला; हेच तुम्हाला पटलं नाही.

जेवणाच्या टेबलाशी आम्ही चौघं होतो. माझ्या गेलेल्या थोरल्या भावाची बायको, म्हणजे वहिनी. त्यांचा थोरला मुलगा, ज्याला कारखान्यात फोरमन म्हणतात आणि घरातही तेच म्हणतात, कारण तो घरातही तसाच वागतो. धाकट्या मुलाची बायको, आमची सूनबाई. आणि मी. पाचवी खुर्ची रिकामी होती. तिचा धनी, म्हणजे तो धाकटा, आमचा बारक्या, टेबलापासून सहा पावलांवर बंद दाराआड होता. चार दिवस झाले होते.

चार महिन्यांपूर्वी पत्र्याच्या कारखान्यात आठ नंबरच्या प्रेसने त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं घेतली. जखम नंतर इतकी छान बसली की कारखान्याच्या डॉक्टरने दोन शिकाऊ डॉक्टरांना बोलावून ती दाखवली. मग त्याने लिहून दिलं की हात भरला आहे, सोमवारपासून कामावर यावं. सोमवार म्हणजे उद्या. सकाळी सात.

हात भरला होता यात वाद नाही. बाकीचा बारक्या भरायचा राहिला होता, पण त्याला त्या कागदावर रकाना नव्हता.

आमच्या घरात त्या दिवसांत काही आपटत नसे. भांडं ठेवायचं ते फडक्यावर. कपाटाच्या दारांना सूनबाईने जुन्या कोटाची लोकर फाडून चिकटवली होती. ती शिवणकाम करते, पण मशीन शेजारणीकडे नेऊन ठेवलं होतं. वहिनी गुडघेदुखी विसरून मोज्यांवर चालायच्या. वरच्या मजल्यावरच्या माणसाकडे मी स्वतः गेलो आणि सांगितलं की आमच्याकडे एक दुर्मीळ पोपट आणलाय, धप्पकन आवाज झाला की त्याचं काळीज बंद पडतं. भला माणूस. तेव्हापासून जिन्यात भेटला की विचारायचा, "पोपट कसा आहे?" मी म्हणायचो, "आज जेवला नाही." माझ्या थापांमधलं तेवढं मात्र खरं असायचं.

आणि झाकणं. आठ नंबरवर डब्यांची झाकणं निघतात. बारक्या घरी आल्यावर एकट्या डाव्या हाताने घरातल्या एकेक डब्याचं झाकण काढायचा, उलटं करून खिडकीशी धरायचा आणि कडेवरून अंगठा फिरवायचा. काय बघतोस विचारलं तर म्हणायचा, "त्या दिवशीची झाकणं कुठे गेली? धुतली की नुसती पुसली?" शेवटी सूनबाईने घरातला पत्र्याचा एकूण एक डबा बाहेर काढला आणि सगळा किराणा काचेच्या बरण्यांत भरला. तर हा दुकानात जाऊन बघायला लागला. बुधवारी दुकानदाराने त्याचा दंड धरला. बारक्या ओरडला म्हणे. मग घरी आला, खोलीत गेला आणि कडी लावली. रात्री आम्ही झोपल्यावर बाहेर येऊन पाणी पिऊन जायचा, एवढाच काय तो पुरावा.

तर रविवार. दुपारचे तीन. फोरमनने टेबलावर एक कागद ठेवला आणि तो बोटाने सूनबाईकडे सरकवला.

"हजर होतोय असा अर्ज आहे. मीच लिहिलाय. त्याची नुसती सही घे. डाव्या हाताची चालेल."

सूनबाईने कागदाला हात लावला नाही. "आणि तिथे जाऊन करणार काय तो?"

"गोदामात घेतो त्याला. मशीन नाही, घाई नाही. माल आला, माल गेला. एकदा हजेरीवर आला की पुढचं मी बघून घेईन."

"गोदाम प्रेसच्या भिंतीला लागून आहे, दादा."

"मध्ये भिंत आहे ना!"

"ती भिंत हलते. मी डबा द्यायला यायचे तेव्हा हात लावून बघितलंय."

"अगं, सगळंच हलतं. म्हणून काय माणसांनी जन्मभर कडी लावून बसायचं?" फोरमन आईकडे वळला. "आई, तू सांग. बाबांचा कान गेला तेव्हा बाबा घरी बसले? तिसऱ्या दिवशी गेले."

आता मी वहिनींच्या डोक्यात शिरतो. परवानगी घेतलेली नाही, पण पन्नास वर्षं त्यांच्या हातचं खाल्लंय, वाट पाठ आहे. तिथे त्या वेळी एकच विचार होता. बारक्या जन्मला तेव्हा सुईणीच्या हातून घेऊन त्यांनी आधी त्याची बोटं मोजली होती. सगळी जागच्या जागी होती. आणि आता त्यांना वाटत होतं की माणूस कामाला लागला की त्याचं डोकं कामाला लागतं. डोकं रिकामं राहिलं की ते आपलेच लचके तोडतं. त्यांच्या घराण्यात असंच मानलं जायचं. आमच्यातही.

"जाऊ दे त्याला," वहिनी म्हणाल्या. "चार लोकांत मिसळेल. घरात बसून पोरगं सडतंय."

"सडत नाहीये. आजारी आहे," सूनबाई म्हणाली. "डॉक्टरीणबाईंनी तसं लिहून द्यायची तयारी दाखवलीय. रजा वाढते. आठवड्यातून दोनदा त्यांच्याकडे बसायचं, बोलायचं. गोळ्या बदलायच्या. त्यांच्याकडे कारखान्यातले आणखी दोघं येतात."

"कोण दोघं?" फोरमनने पटकन विचारलं.

"नावं कशी सांगतील त्या? एकाचा पाय गेलाय म्हणाल्या."

"म्हणजे वेड्यांच्या डॉक्टरीणबाई," वहिनी म्हणाल्या. "अगं, तो शिक्का एकदा बसला की घासून जात नाही. उद्या कुणी विचारलं तर काय सांगायचं?"

"कोण विचारणारे, आई? पोपटाबद्दल तर रोज विचारतात."

मला हसू आलं. माझ्या एकट्यालाच.

इथवर हिशेब असा होता: आई आणि थोरला एकीकडे, सूनबाई दुसरीकडे, आणि मी नेहमीप्रमाणे जिकडे चहा तिकडे. मग सूनबाई उठली. दाराशी ठेवलेला बारक्याचा कामावरचा बूट तिने आणला आणि टेबलावर मांडला. जेवणाच्या टेबलावर बूट! वहिनींनी तोंड उघडलं, तेवढ्यात सूनबाईने तो उलटा केला.

आतून कागदाची पुडी पडली. पुडीतून गोळ्या.

"झोपेच्या आहेत," ती म्हणाली. "बुधवारपर्यंत रोज एक मी हातावर ठेवायचे, तो पाणी प्यायचा, मी दिवा मालवायचे. मला वाटायचं घेतो." तिचा आवाज शिवणीसारखा सरळ चालला होता, एक टाका इकडचा तिकडे नाही. "सकाळी पॉलिश करायला बूट घेतला. हो, आई, तुमच्यासारखंच मलाही वाटत होतं की जाऊन तर बघू दे. उद्यासाठीच पॉलिश करत होते."

वहिनी बोटाने एकेक गोळी मोजू लागल्या.

"नको असतील म्हणून टाकल्या असतील," फोरमन म्हणाला.

"बुटात?"

"मग कुठे टाकणार? तुला ओरडा करायला निमित्त हवंय!" आणि त्याने टेबलावर मूठ आपटली.

चार महिन्यांत त्या घरातला तो पहिला आवाज.

दाराआड काहीतरी घसरलं. मग फरशीवरून कापड ओढत गेल्यासारखा आवाज आला, पलंगाचा पाय करकरला आणि थांबला. पलंगाखाली एवढी जागा नाही. मोठा माणूस तिथे मावत नाही. बारक्या मावला होता.

फोरमन आपल्या मुठीकडे बघत राहिला, जणू ती दुसऱ्याचीच टेबलावर विसरून राहिली होती.

सूनबाई दाराशी गेली. "काही नाही," ती फटीत तोंड घालून म्हणाली. "दादांचा हात लागला. काही नाही. मी इथेच आहे."  ती परत आली, गोळ्या पुडीत भरल्या आणि पुडी पिशवीत घालून पिशवी खांद्याला अडकवली. घरात असून खांद्याला पिशवी. तेव्हा मला कळलं की ती सकाळपासून तशीच वावरत होती.

वहिनी उठल्या. खुर्ची सरकवली नाही, उचलली. तसल्या गुडघ्यांनिशी उचलली, टेबलाला वळसा घालून सूनबाईशेजारी ठेवली आणि बसल्या. आमच्या घराच्या इतिहासात सासू तिकडच्या बाजूला बसल्याची ही पहिली नोंद.

"थोरल्या," त्या म्हणाल्या, "तो रजेचा फॉर्म भर."

"मी नाही भरायचा, तो..."

"त्यावर फोरमनची सही लागते असं ही म्हणते. तू भर."

सूनबाईने फॉर्म तयारच ठेवला होता. तिने तो हजर होण्याच्या अर्जावर ठेवला आणि वर पेन. फोरमनने वाचला. पुन्हा वाचला.

"भरता येत नाही."

"का रे?"

"आई, काही गोष्टी तुला कळायच्या नाहीत."

"मला आठ नंबरबद्दल कळत नाही? चाळीस वर्षं मी त्याच्या तेलाचे कपडे धुतलेत!"

फोरमनच्या डोक्यात शिरणं सोपं. तिथे एकच खोली आहे आणि तिच्यात आठ नंबर चालू असतो. तरीही प्रेस न बघितलेल्यांसाठी दोन शब्द सांगतो. या मशीनला दोन बटणं असतात, एक डावीकडे, एक उजवीकडे, हातभर अंतरावर. दोन्ही एकदम दाबल्याशिवाय वरचा साचा खाली येत नाही. दोन्ही हात बटणांवर, म्हणजे एकही हात साच्यात नाही. ज्याने ही युक्ती काढली त्याचे पाय धुवावेत. पण दोन्ही हात बटणांवर, तर पत्रा सरकवायचा कोणी? आधी सरकवा, मग दोन्ही हात बाहेर काढा, मग दाबा. वेळ जातो. म्हणून हुशार लोक काय करतात, एक बटण दाबतात आणि त्याच्या फटीत लाकडाची पाचर ठोकतात. ते बटण दाबलेलंच राहतं. डाव्या हाताने दुसरं बटण, उजव्या हाताने पत्रा. तालात काम चाललं की माणूस आणि मशीन एक होतात.

होतात खरेच एक.

बाकीचे कामगार हाताला लागेल ती काडी खुपसायचे. आमच्याकडे मात्र घरची पाचर होती. मोडक्या खुर्चीच्या पायातून तासलेली, चार बोटं लांब, वापरून वापरून हाडासारखी गुळगुळीत झालेली. दुसऱ्या घरांत मुलगा नोकरीला लागला की त्याला घड्याळ देत असतील. आमच्यात मुलगा प्रेसवर लागला की त्याला पाचर मिळायची. माझ्या भावाने तिच्यावर तीस वर्षं काढली, बोटाला ओरखडा नाही. मग ती फोरमनकडे गेली. फोरमनला बढती मिळाली त्या संध्याकाळी याच टेबलावर त्याने ती बारक्याच्या हातात ठेवली. आम्ही टाळ्या वाजवल्या. मी जरा जास्तच वाजवल्या.

"यात विचारलंय," फोरमन फॉर्मवर बोट ठेवून म्हणाला, "अपघात कसा झाला, सविस्तर. दोन्ही हात बटणांवर असताना हात आत कसा गेला? मी तेव्हा निष्काळजीपणा लिहून दिलाय. आता काय लिहू?"

"पाचर होती असं लिहा," सूनबाई म्हणाली.

"पाचर सापडली नाही."

"कशी नाही सापडली? त्याच्याकडे तर रोज असायची."

फोरमनने खिशात हात घातला. बराच वेळ तो हात खिशातच राहिला. मग त्याने ती टेबलावर ठेवली. आवाज होऊ नये म्हणून हलकेच, फॉर्मच्या कागदावर. ती कुठे तरी हरवली असं आम्हाला वाटत होतं. चार महिने ती त्याच्या खिशात होती.

"तू काढलीस," वहिनी म्हणाल्या.

"हो."

"कधी?"

"आधी."

"कशाच्या आधी, थोरल्या?"

फोरमन पन्नाशीला आला आहे. शंभर माणसं त्याच्या हाताखाली आहेत. तो शाळेतल्या पोरासारखा टेबलाच्या कडेकडे बघून बोलला.

"आधी पाचर काढली. मग साचा उचलला."

सूनबाईने डोळे मिटले.

"लोक जमायच्या आत काढायला हवी होती. पाचर दिसली असती तर दोघांचीही नोकरी गेली असती, त्याची आणि माझी. मी नीट विचार केला असंही नाही. हात आपोआप तिकडे गेला. दोन सेकंद लागले असतील, आई. तीन. तो ओरडत नव्हता. माझ्याकडे बघत होता."

"म्हणजे त्याला ठाऊक आहे," सूनबाई म्हणाली. "त्याने एकदाही मला सांगितलं नाही. डॉक्टरीणबाईंनी विचारलं तरी म्हणाला, माझंच लक्ष नव्हतं."

"त्या रात्री तू इथे जेवलास," वहिनी म्हणाल्या. मोठ्याने नाही. "माझ्यासमोर बसून. दोनदा भात घेतलास."

"मग काय करायचं होतं?"

"मला काय विचारतोस? भूक लागली कशी ते सांग."

फोरमनचा चेहरा मी लहानपणापासून पाहतोय. सायकलवरून पडला तरी न रडणारा मुलगा. त्या दिवशीही रडला नाही. फक्त त्याची हनुवटी त्याचं ऐकेना. आणि मग, कोपऱ्यात सापडलेला माणूस करतो तेच त्याने केलं. आणखी एकाला कोपऱ्यात ओढलं.

"मला एकट्यालाच काय बघताय सगळे? मी काय ती बाजारातून आणली? मला बाबांनी दिली. बाबांना कोणी दिली?"

तिघांनी माझ्याकडे बघितलं.

आता इथे एखादी थाप तर कोणालाही सुचली असती. मला काय, उभ्या जन्मात एक वाक्य अडलं नाही. मी म्हणालो, "अरे, ती तर सर्कशीतली! सिंहाच्या पिंजऱ्याची कडी सैल होती, तिच्यात ठोकायला मी स्वतः तासली होती. रिंगमास्तरची खुर्ची मोडली, तिचा पाय. हिने मला कधी दगा दिला नाही, म्हणून तर तुझ्या बापाला..."

कोणी हसलं नाही. ठीक आहे, तसं तर अनेकदा होतं. पण या वेळी माझ्या स्वतःच्या कानांनी ते वाक्य ऐकलं. हिने मला कधी दगा दिला नाही. सर्कशीतून परत आलो त्या दिवशी माझ्या भावाला मी अगदी याच शब्दांत ते म्हटलं होतं. तो प्रेसवर नव्याने लागला होता, घाबरत होता. माझ्या हाताला तेव्हा दोन बोटं कमी होती. त्याने विचारलं, हे काय? मी म्हटलं, सिंह. तो पोट धरून हसला, आणि पाचर खिशात घालून कामावर गेला.

तिथून पुढे ती वीस मिनिटं. मघाशी बढाई मारली ना, तीच.

त्या वीस मिनिटांत काय झालं ते थोडक्यात. सूनबाईने कोणाशीही न भांडता फॉर्मवर बारक्याचं वय, पत्ता, अपघाताची तारीख भरली. सविस्तर या शब्दापुढची जागा मोकळी ठेवली आणि पेन फोरमनच्या पुढ्यात ठेवलं. त्याने टोपण काढलं. लिहिलं नाही. वहिनींनी त्याच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला, फडक्यावर. माया आणि राग एकाच पेल्यात कसे देतात ते त्यांच्याकडून शिकावं.

"मी लिहिलं," फोरमन म्हणाला, "तर सोमवारी माझी चौकशी."

"आणि नाही लिहिलं तर?" सूनबाईने पिशवीवर हात ठेवला. "मी किती रात्री जागायचं, दादा? किती बूट झटकायचे?"

त्याने पेन धरलं. ते कागदापासून बोटभर वर थांबलं. "त्याने सांगू दे," तो म्हणाला. "त्याने माझ्या तोंडावर एकदा सांगू दे, लिही म्हणून. किंवा शिवी तरी घालू दे. मग मी काहीही लिहीन. चार महिन्यांत त्याने मला एक शिवी दिलेली नाही."

सूनबाई माझ्याकडे वळली. "काका, तुम्ही जा दाराशी."

"मी जाऊन काय करू, पोरी?"

"लहानपणी तो रुसून बसला की तुमच्या गोष्टीला दार उघडायचा असं तुम्हीच सांगता. तेही खोटं आहे का?"

ते खरं होतं. दुर्दैवाने.

मी दाराशी खाली बसलो. या वयात खाली बसणं सोपं, उठायला सरकारी परवानगी लागते. पाठ दाराला टेकवली. मागून श्वास ऐकू येत होता, अगदी जवळून. म्हणजे तो पलंगाखालून निघून दारापर्यंत आला होता. म्हणजे त्याने सगळं ऐकलं होतं.

"बारक्या," मी म्हणालो, "सिंहाची गोष्ट तुला पुरी सांगितलीच नाही मी. बोटं गेली तिथे थांबायचो. पुढे काय झालं ते कोणी विचारलंही नाही. लोकांना बोटं गेली एवढ्यातच मजा येते."

श्वास तसाच चालू.

"तर सिंह म्हातारा होता. दात किडलेले. मला डोळ्यांनीच म्हणाला, काका, दाढ दुखतेय, बघ जरा. मी हात घातला. आता यात चूक माझी की सिंहाची, हे तूच ठरव. दुखलं काहीच नाही. दुखत नाही रे त्या वेळी, हे कोणाला पटत नाही. फक्त गरम लागलं. आणि मी काय विचार केला ठाऊक आहे? की आता हात धुवायला पाहिजे."

मागचा श्वास थांबला.

"मग दवाखाना. हात भरला. डॉक्टर म्हणाला, नशीबवान आहेस. मी तंबूत परतलो आणि झोपलो. झोपलो कसला, पडून राहिलो. कारण सिंह डरकाळी फोडायचा. दर चार सेकंदांनी. दिवसा, रात्री. एक, दोन, तीन, चार, धप्प. मी हात काखेत घालून बसायचो, म्हणजे उरलेली तीन तरी राहतील. गेलेल्या बोटांना खाज सुटायची, खाजवायला जावं तर तिथे हवा. जेवताना भातात बघायचो. सगळे म्हणायचे, काय शोधतोस? काय सांगणार? दोन वर्षं मी कोणाशी बोललो नाही. मी! विश्वास बसतो का? एका मोठ्या इमारतीत ठेवलं होतं, खिडक्यांना जाळ्या. तिथे शेजारच्या खाटेवर एक सुतार होता, करवतीवरचा. तो रोज मला एक खोटी गोष्ट सांगायचा, अगदी भिकार. एके दिवशी मला इतका राग आला की मी त्याला म्हटलं, गाढवा, अशी नसते थाप. तो माझा पहिला शब्द. मग मीच सुरू केलं. तेव्हापासून थांबलो नाही, बारक्या. थांबलो की ते ऐकू येतं."

"काय ऐकू येतं?" टेबलाशी बसलेल्या वहिनींनी विचारलं. हळूच.

"सिंह, वहिनी," मी म्हणालो. "दुसरं काय?"

कडी सरकली.

दार वीतभर उघडलं. आतून अंधाराचा आणि चार दिवस न झटकलेल्या पांघरुणाचा वास आला. मग हात आला. उजवा. चार महिने तो हात आम्ही काखेबाहेर पाहिला नव्हता. त्याला दोनच बोटं होती, आणि त्या दोन बोटांनी त्याने माझा डावा हात पकडला, उलटा केला, खिडकीच्या उजेडात धरला. माझ्या तुटक्या बोटांच्या कडेवरून त्याने अंगठा फिरवला. डब्यांच्या झाकणांवरून फिरवायचा तसा. एकदा. पुन्हा.

मग स्वतःचा हात माझ्या हाताला लावून धरला. माझी दोन आणि त्याची तीन, पाचही एकाच तिरक्या रेषेत संपत होती.

टेबलाशी फोरमन उभा राहिला होता. खुर्ची पडली. धप्पकन. बारक्याचा हात दचकला, पण त्याने माझा हात सोडला नाही.

"सिंह चावला की फाटतं, काका," तो म्हणाला. चार दिवस न वापरलेला आवाज. "हे फाटलेलं नाही, कापलेलं आहे. ही साच्याची कड आहे. आणि दर चार सेकंदांनी कुठलाही सिंह ओरडत नाही. खोटं बोलताय तुम्ही. पन्नास वर्षं खोटं बोलताय. तुम्हीसुद्धा पाचरच लावली होती."